आरोपीचा वकील म्हणजे गुन्ह्याचा वकील नव्हे!

इंटरनेटवरच्या लैंगिक गुन्ह्याचा आरोप घरातल्या माणसावर आला, की शेजारी दार लावून घेतात, नातेवाईक फोन उचलत नाहीत आणि ओळखीचे वकीलही ‘ही केस नको’ म्हणतात. पण बचावाचा हक्क नेमका अशाच वेळी कसोटीला लागतो. तो काय आहे, कसा मिळतो आणि त्याच्या मर्यादा कोणत्या?

कल्पना करा. जबलपूरच्या नेपियर टाऊनमधले एक मराठी घर. सकाळचे सात वाजलेत. आजोबा पेपर घेऊन व्हरांड्यात बसलेत, स्वयंपाकघरात पोह्यांसाठी कांदा चिरला जातोय. इतक्यात फाटकाशी एक गाडी थांबते. साध्या कपड्यातली तीन माणसे आत येतात.

‘‘सायबर सेल से आए हैं. आपका बेटा घर पर है?’’

पुढचा एक तास त्या घरातले कुणीच आयुष्यात विसरणार नाही. मुलाचा मोबाइल, लॅपटॉप, जुना पेनड्राइव्ह, सगळे पाकिटांत भरले जाते. पंचनाम्यावर सह्या होतात. आई एकच प्रश्न विचारत राहते, ‘‘काय केलंस रे?’’ आणि मुलगा खाली मान घालून एकच उत्तर देत राहतो, ‘‘काही नाही केलं गं आई.’’

दुपारी ओळखीच्या वकिलांना फोन जातो. ते म्हणतात, ‘‘काकू, तुमच्यासाठी काय वाट्टेल ते करीन. जमिनीची केस द्या, चेकची द्या. पण ही नको. लोक काय म्हणतील?’’

हे घर काल्पनिक आहे. पण आज हा प्रसंग जबलपूरच काय, नागपूर, नाशिक, सांगली, कुठल्याही गावात घडू शकतो. मुलाने खरेच काही केले आहे की नाही, हे त्या सकाळी कुणालाच ठाऊक नसते. पोलिसांना नाही, आईलाही नाही. ते ठरवण्यासाठी न्यायालय असते. आणि न्यायालयाला ते नीट ठरवता यावे, यासाठीच दोन वकील लागतात. एक सरकारचा, एक आरोपीचा.

पोलीस दारापर्यंत येतात कसे?

बऱ्याच आईवडिलांना वाटते, मुलगा आपल्या खोलीत बसून मोबाइलवर काय बघतो हे जगात कुणाला कळणार? हा मोठा गैरसमज आहे.

अमेरिकेच्या कायद्यानुसार तिथल्या इंटरनेट कंपन्यांना आपल्या सेवेवर लहान मुलांच्या लैंगिक शोषणाची चित्रे आढळली, तर ती बाब ‘एनसीएमईसी’ या संस्थेला कळवावीच लागते. भारताच्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने एप्रिल २०१९ मध्ये या संस्थेशी करार केला. तेव्हापासून भारतातून अशी चित्रे चढवणाऱ्या किंवा पाठवणाऱ्या खात्यांची माहिती दिल्लीला येते. तिथून ती त्या त्या राज्याच्या पोलिसांकडे जाते. मध्य प्रदेशात हे काम राज्य सायबर पोलिसांकडे असते आणि त्यांचे एक विभागीय कार्यालय जबलपुरात आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये तर सीबीआयने एकाच मोहिमेत देशभर सत्तराहून अधिक ठिकाणी छापे घातले होते.

दुसरा मार्ग साधा तक्रारीचा. एखाद्या मुलीचा फोटो परवानगीशिवाय पसरवला गेला, तिच्या नावाने खोटे खाते काढले गेले, नको ते संदेश पाठवले गेले, तर ती पोलीस ठाण्यात जाते किंवा १९३० या क्रमांकावर आणि केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करते. तिने तशी करायलाच हवी. या लेखात बचावाविषयी जे काही लिहिले आहे, ते तिच्या हक्काला धक्का न लावता.

जबलपूर हे नाव का महत्त्वाचे?

कायद्याच्या विद्यार्थ्याला ‘जबलपूर’ म्हटले की आधी भेडाघाटचा धबधबा आठवत नाही, एक खटला आठवतो. आणीबाणीत विनाचौकशी तुरुंगात टाकलेल्यांनी उच्च न्यायालयांत दाद मागितली. जबलपूरच्या मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने म्हटले, होय, आम्ही तुमचे गाऱ्हाणे ऐकू शकतो. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. ‘जबलपूरचे अतिरिक्त जिल्हा दंडाधिकारी विरुद्ध शिवकांत शुक्ल’ या खटल्यात २८ एप्रिल १९७६ रोजी पाचपैकी चार न्यायमूर्तींनी सरकारची बाजू उचलून धरली. आणीबाणीत बंदिवानाला न्यायालयाचे दार ठोठावता येणार नाही, असा तो निकाल होता. एकटे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना वेगळे मत देऊन उभे राहिले.

त्या चौघांत न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड होते. एकेचाळीस वर्षांनी, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले, तेव्हा त्यांचेच चिरंजीव न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी आपल्या निकालपत्रात तो जुना निकाल मोडीत काढला.

या दोन निकालांचा आपल्या विषयाशी संबंध आहे. पहिल्याने दाखवून दिले, की सरकारने पकडलेल्या माणसाला कुणी विचारणारा उरला नाही तर काय होते. दुसऱ्याने खासगीपणाचा हक्क दिला. जिचे छायाचित्र चोरून पसरवले गेले त्या मुलीच्या बाजूने तो हक्क उभा राहतो. ज्याचा मोबाइल पोलिसांनी जप्त केला त्या मुलाच्या बाजूनेही तोच उभा राहतो. हक्क एकच, वाटेकरी दोन.

कलमांची शिडी

वर्तमानपत्रात ‘अश्लील व्हिडिओ प्रकरण’ असे एकच लेबल लागते. कायद्यात मात्र पायऱ्या आहेत, आणि आपला माणूस कोणत्या पायरीवर उभा केला गेला आहे, हे पहिल्याच दिवशी समजून घेतले पाहिजे.

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६७ खाली इंटरनेटवर अश्लील मजकूर प्रसिद्ध करणे किंवा पाठवणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंड. हा गुन्हा जामीनपात्र आहे. कलम ६६-ई परवानगीशिवाय कुणाच्या शरीराच्या खासगी भागाचे चित्र टिपण्याविषयी वा पसरवण्याविषयी आहे. तिथेही कैद ३ वर्षांपर्यंतच. कलम ६७-ए उघड लैंगिक कृतीच्या चित्रणासाठी आणि ६७-बी मुलांच्या चित्रणासाठी. या दोन्हींत पहिल्या गुन्ह्याला ५ वर्षांपर्यंत, पुन्हा केल्यास ७ वर्षांपर्यंत कैद आणि १० लाखांपर्यंत दंड. हे गुन्हे जामीनपात्र नाहीत, म्हणजे जामीन न्यायालयाकडे मागावा लागतो.

चोरून पाहणे, पाठलाग करणे यांसाठी पूर्वी भारतीय दंड संहितेची ३५४-सी आणि ३५४-डी ही कलमे होती. १ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय न्याय संहितेत ती अनुक्रमे ७७ आणि ७८ झाली आहेत. आणि पीडित व्यक्ती अठरा वर्षांखालची असेल तर २०१२ चा पॉक्सो कायदा लागतो. तो सर्वांत कडक.

या कायद्यांचा तपासही कुणीही करू शकत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास किमान पोलीस निरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो. चांगला वकील पहिल्या पानावर हीच गोष्ट तपासतो.

अश्लील कशाला म्हणायचे, हाही वादाचा मुद्दा असतो. गंमत अशी, की याचा जुना मापदंडही जबलपूरशी जोडलेला आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली आणि नागपूरचे उच्च न्यायालय जबलपूरला गेले. त्याचे पहिले मुख्य न्यायमूर्ती होते एम. हिदायतुल्ला. पुढे सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर १९६४ साली मुंबईच्या एका पुस्तकविक्रेत्याच्या खटल्यात त्यांनीच अश्लीलतेचा कडक मापदंड घालून दिला. २०१४ साली न्यायालयाने तो बाजूला सारून ‘आजच्या समाजाच्या सर्वसाधारण दृष्टीने’ पाहायला सांगितले. आणि १९ मार्च २०२४ रोजी एका वेबमालिकेच्या प्रकरणात स्पष्ट केले, की शिवराळ भाषा ही किळसवाणी असेल, पण ती आपोआप अश्लील ठरत नाही. तो गुन्हा रद्द झाला.

मुलांच्या चित्रणाच्या बाबतीत मात्र ही पळवाट नाही. तिथे रुची, समाजाची दृष्टी हे काहीही चालत नाही.

वकील करतो तरी काय?

‘गुन्हेगाराला सोडवतो’ हे सोपे उत्तर. खरे उत्तर वेगळे आहे. तो पुरावा तपासतो. दोन खऱ्या घटना पाहा.

पहिली पुण्याच्या पोलिसांची. २००७ साली ऑर्कुट या संकेतस्थळावर शिवाजी महाराजांची विटंबना करणारे चित्र कुणीतरी टाकले. लोकांत संताप उसळला, तो स्वाभाविकच होता. पोलिसांनी त्या जोडणीचा आयपी क्रमांक मिळवला, दूरसंचार कंपनीकडून नाव-पत्ता घेतला आणि बंगळुरूच्या एका संगणक अभियंत्याला पकडून आणले. त्याने ५० दिवस तुरुंगात काढले. नंतर उघड झाले, की कंपनीने पुरवलेली माहितीच चुकीची होती. तो आयपी क्रमांक त्याचा नव्हताच! हा गुन्हा लैंगिक नव्हता, पण पुराव्याची साखळी तीच, आणि चूकही तीच होऊ शकते.

आयपी क्रमांक म्हणजे माणसाचा चेहरा नव्हे, हे इथे लक्षात घ्यावे. मोबाइल कंपन्या एकच क्रमांक एकाच वेळी अनेक ग्राहकांना वाटून देतात. नेमकी वेळ आणि ‘पोर्ट’ क्रमांक सोबत नसेल तर माणूस सापडत नाही. परदेशी कंपनीच्या नोंदीतली वेळ बहुधा आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे असते. कुणी ते गणित चुकवले, तर रात्री अकराचा दोष संध्याकाळी साडेपाचच्या माणसावर जातो. शिवाय घरातले वायफाय भाडेकरू वापरतो, शेजारी वापरतो, पाहुणाही वापरतो.

दुसरी घटना चेन्नईची, २००४ सालची. एका घटस्फोटित महिलेच्या नावाने याहूच्या चर्चागटात अश्लील संदेश टाकले गेले. तिला परक्या पुरुषांचे फोन येऊ लागले. पोलीस शोध घेत मुंबईला पोहोचले आणि तिच्याशी लग्नाची इच्छा असलेल्या एका परिचिताला त्यांनी पकडले. बचाव पक्षाने जोरदार लढत दिली. हे संदेश तिच्या आधीच्या पतीने टाकले असतील, तिने स्वतःच टाकले असतील, संगणकाचा पुरावा कायद्यात बसत नाही, असे सगळे मुद्दे मांडले. न्यायालयाने सायबर कॅफेवाल्यांच्या साक्षी ऐकल्या, तज्ज्ञाचे म्हणणे ऐकले, आणि ५ नोव्हेंबर २००४ रोजी आरोपीला दोषी ठरवले. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ खालची ही देशातली पहिली शिक्षा मानली जाते.

पाहा, बचाव झाला म्हणून दोषी सुटला नाही. उलट प्रत्येक शंका मांडली गेली आणि तिचे उत्तर मिळाले, म्हणूनच ती शिक्षा भक्कम झाली. आणि पहिल्या घटनेत वेळेवर कुणी नीट शंका घेतली असती, तर एका निरपराध माणसाचे पन्नास दिवस वाचले असते.

जालन्याचा धडा

संगणकातला पुरावा बदलायला सोपा. म्हणून कायदा म्हणतो, की त्याच्यासोबत प्रमाणपत्र हवे. पूर्वी हे पुरावा कायद्याच्या कलम ६५-बी मध्ये होते, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे.

ते सक्तीचे आहे का, यावर वर्षानुवर्षे घोळ होता. तो मिटवणारा खटला आपल्या जालन्याचा. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर यांचा अर्ज वेळेत आला की नाही, यावर कैलास गोरंट्याल न्यायालयात गेले. पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातले व्हिडिओ चित्रण. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, मूळ यंत्रच न्यायालयात हजर करून त्याच्या मालकाने साक्ष दिली नसेल, तर प्रमाणपत्र हवेच. निवडणुकीच्या भांडणातून निघालेला हा नियम आज मोबाइलवरच्या प्रत्येक खटल्यात लागतो.

नव्या कायद्याच्या प्रमाणपत्रात ‘हॅश’ क्रमांकही लिहावा लागतो. हॅश म्हणजे फाईलच्या अंगठ्याचा ठसा म्हणा ना! फाईलमधला एक ठिपका बदलला तरी ठसा बदलतो. जप्तीच्या दिवशीचा ठसा आणि प्रयोगशाळेतला ठसा जुळला, तर मधल्या काळात कुणी ढवळाढवळ केलेली नाही हे कळते. त्यामुळे मोबाइल जप्त होताना तो सीलबंद झाला का, पंचनाम्यात क्रमांक लिहिला का, नव्या कायद्याप्रमाणे झडतीचे चित्रीकरण झाले का, हे वकील आधी विचारतो.

‘नुसते आले होते मोबाइलवर’

तिसरा प्रश्न असतो हेतूचा. व्हॉट्सॲपच्या एखाद्या गटात कुणीतरी घाणेरडी चित्रफीत टाकतो आणि ती आपोआप पन्नास जणांच्या मोबाइलमध्ये उतरते. पन्नासही जण गुन्हेगार?

गोंदिया जिल्ह्यातल्या एका गटप्रमुखावर, गटातल्या सदस्याने महिलेविषयी टाकलेल्या मजकुरावरून गुन्हा दाखल झाला होता. १ मार्च २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो रद्द केला. संगनमत दिसत नसेल, तर सदस्याच्या कृत्यासाठी गटप्रमुखाला धरता येणार नाही, असे म्हटले.

पण मुलांचे चित्रण असेल तर पुन्हा सावध! जानेवारी २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने म्हटले होते, की खासगीत नुसते पाहणे हा गुन्हा नाही. २३ सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल उलटवला. असे चित्रण जवळ ठेवणे, ते नष्ट न करणे वा न कळवणे, यामागे पुढे पाठवण्याचा हेतू दिसत असेल तर तो पॉक्सोच्या कलम १५ खाली गुन्हा आहे, प्रत्यक्ष पाठवले नसले तरी. हेतू होता असे न्यायालय काही अटींवर गृहीतही धरू शकते, आणि मग तो नव्हता हे दाखवण्याचा भार आरोपीवर येतो. ‘चाइल्ड पोर्नोग्राफी’ हा शब्दही न्यायालयाने नाकारला. त्या चित्रातले मूल नट नसते, ते शोषण सोसणारे मूल असते.

म्हणून आपल्या मोबाइलवर असे काही आले, तर ते कुणालाही दाखवू नका, ‘बघा कसला घाणेरडा प्रकार’ म्हणून पुढे पाठवू तर मुळीच नका. पोलिसांना कळवा.

वकीलच मिळाला नाही तर?

१९७८ साली महाराष्ट्रातूनच गेलेल्या होसकोट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गरीब कैद्याला सरकारी खर्चाने वकील मिळणे हा त्याचा हक्क असल्याचे म्हटले. मुंबईवरच्या हल्ल्यानंतर कसाबचा खटला कुणी घ्यायला तयार नव्हते. तरी त्याला वकील दिला गेला, आणि २०१२ च्या निकालात न्यायालयाने दंडाधिकाऱ्यांना बजावले, की आरोपी पहिल्यांदा समोर येताच त्याला वकिलाच्या हक्काची माहिती द्या. वकील संघटनांनी ‘अमुक आरोपीचे वकीलपत्र घ्यायचे नाही’ असे ठराव करणे बेकायदा आहे, हेही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१० मध्ये तामिळनाडूच्या एका प्रकरणात सांगून ठेवले आहे. बार कौन्सिलच्या नियमांत तर स्पष्टच आहे, की आरोपी दोषी आहे असे वकिलाचे स्वतःचे मत असले, तरी त्याने बचाव करायचा असतो.

अटकेत असलेल्या कोणत्याही व्यक्तीला, तिचे उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मागता येतो. मध्य प्रदेशच्या राज्य विधी सेवा प्राधिकरणाचे मुख्यालय जबलपुरातच आहे. देशभरासाठी दूरध्वनी क्रमांक १५१००.

बचावाची लक्ष्मणरेषा

आता दुसरी बाजू. बचाव म्हणजे तक्रारदार मुलीची अब्रू वेशीला टांगणे नव्हे. ‘तिचे चारित्र्यच तसे’, ‘तिनेच फोटो काढू दिला’ ही जुनी हत्यारे आता बोथट झाली आहेत. फोटो काढायला दिलेली संमती म्हणजे तो पसरवायला दिलेली संमती नव्हे, हे कायद्यातच लिहिले आहे. पॉक्सोच्या खटल्यात मुलाला उलटतपासणीत दरडावणे किंवा त्याच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवणे न्यायालय चालू देत नाही. पीडितेचे नाव उघड करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. तेव्हा आरोपीच्या काकांनी, मामांनी गावभर ‘ती मुलगी कोण, ठाऊक आहे ना’ म्हणत फिरू नये. पुतण्याला वाचवायला जाऊन स्वतः आरोपी व्हाल.

ही दोन टोके कशी सांधायची, याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने २९ नोव्हेंबर २०१९ रोजी केरळच्या एका खटल्यात दिले. पुराव्यातली चित्रफीत आरोपीला मिळायला हवी, नाहीतर तो बचाव कसा करणार? पण ती त्याच्या हातात गेली आणि पुन्हा पसरली तर? न्यायालयाने मधला मार्ग काढला. प्रत द्यायची नाही. आरोपीने, त्याच्या वकिलाने आणि तज्ज्ञाने ती न्यायालयाच्या देखरेखीखाली पाहायची. बचाव शाबूत, तिचा खासगीपणाही शाबूत.

आरोपी सतरा वर्षांचा असेल तर?

अशा प्रकरणांत कॉलेजची, कधी शाळेचीही मुले सापडतात. मैत्री तुटते, राग येतो, फोटो गटात जातो. दहा सेकंदांचे काम! आरोपी गुन्ह्याच्या दिवशी अठरा वर्षांखालचा असेल, तर त्याचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते. त्याला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. म्हणून जन्माचा दाखला आणि शाळेचे प्रमाणपत्र पहिल्याच दिवशी वकिलाच्या हाती द्या. पण मुलगा सुटेल एवढ्यावरच समाधान मानू नका. त्या दहा सेकंदांनी दुसऱ्या घरातल्या मुलीचे काय झाले, हे त्याला घरीच समजावून सांगणे कुठल्याही मंडळाच्या आधी आपले काम आहे.

आणि खोटे पोलीस!

आता एक वेगळाच धोका. फोन येतो, ‘तुम्ही अश्लील व्हिडिओ पाहिलात, तुमच्या नावे वॉरंट आहे, कॅमेरा चालू ठेवा, घराबाहेर पडू नका, पैसे भरा.’ यालाच ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणतात. पंतप्रधानांनीही २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये देशाला सावध केले होते. भारताच्या कोणत्याही कायद्यात अशी अटक नाही. खरे पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करीत नाहीत आणि पैसेही मागत नाहीत. लाजेपोटी गप्प बसून पैसे भरणारी माणसे हेच या ठगांचे भांडवल. फोन ठेवा, घरच्यांना सांगा आणि १९३० ला कळवा.

पहिल्या चोवीस तासांत काय करावे?

• काहीही पुसू नका. मोबाइल फोडणे, संदेश काढून टाकणे हा पुरावा नष्ट करण्याचा वेगळा गुन्हा ठरतो. शिवाय निरपराधपणाचा पुरावाही त्याच मोबाइलमध्ये असू शकतो.

• तक्रारदाराला फोन करू नका, मध्यस्थ पाठवू नका. समजूत काढायला जाल आणि धमकावल्याचा आरोप येईल.

• ७ वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात अटक आपोआप होत नाही. २०१४ च्या अर्नेशकुमार निकालानुसार पोलिसांनी अटकेची गरज नोंदवायची असते, अन्यथा हजर राहण्याची नोटीस द्यायची असते. नोटीस आली तर वेळेवर जा. पळणे हाच पुढे अटकेचा आधार होतो.

• अटक झाली तर तिची कारणे लेखी मागा. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राच्याच एका प्रकरणात सांगितले, की कारणे अटक झालेल्याला समजणाऱ्या भाषेत लेखी द्यायला हवीत.

• २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करणे बंधनकारक आहे. चौकशीच्या काळात वकिलाला भेटण्याचा हक्क आहे, मात्र संपूर्ण चौकशीभर वकील शेजारी बसू शकत नाही.

• जप्त वस्तूंच्या यादीची प्रत घ्या. न वाचता सही करू नका.

• वकिलाला खरे सांगा. सगळे सांगा. त्याच्याशी केलेले बोलणे गोपनीय राहते.

शेवटी, त्या घराकडे...

नेपियर टाऊनच्या त्या घरात संध्याकाळी दिवा लागतो. आई अजून तोच प्रश्न घेऊन बसली आहे, ‘‘काय केलंस रे?’’ प्रश्न चुकीचा नाही. पण तो तिने एकटीने सोडवायचा नाही. त्यासाठी पंचनामा आहे, प्रयोगशाळा आहे, साक्षी आहेत, न्यायाधीश आहेत. आणि मुलाच्या बाजूने उभे राहून ‘हे सिद्ध करून दाखवा’ असे म्हणणारा एक माणूसही हवा आहे.

मुलगा निर्दोष असेल तर तो माणूसच त्याला परत आणेल. दोषी असेल तर त्याला जी शिक्षा होईल ती पुढच्या न्यायालयात डळमळणार नाही, आणि ज्या घरातल्या मुलीचे नुकसान झाले, त्या घरालाही खात्रीचा न्याय मिळेल. दोन्ही घरांना लागणारी गोष्ट शेवटी एकच आहे, खरे काय ते नीट कळणे.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हणतात. पण चढावी लागलीच, तर ती कुणालाही एकट्याने चढावी लागू नये.